एलीचे आसन : एका नव्या बापाला पत्र

मिरज

प्रिय चिरंजीव,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोचले. बाळ आणि बाळाची आई दोघी मिशन हॉस्पिटलातून सुखरूप घरी आल्या, हे वाचून समाधान वाटले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, पवित्र शास्त्रातल्या कोणत्या बापाचा कित्ता मी गिरवावा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गिरवावा असा बाप त्या पानांमध्ये मला फारसा सापडत नाही, आणि माझ्या मते हेच त्या ग्रंथाचे मोठेपण आहे. आपल्याकडे पितृदिनाच्या उपासनेत अब्राहामाचा विश्वास आणि योसेफाचा आज्ञाधारकपणा एवढ्यावर उपदेश आटोपतात. मधले एली, शमुवेल, दावीद, याकोब हे सगळे बाप झाकून ठेवले जातात. मला ही झाकाझाक पटत नाही. त्या माणसांचे पक्षपात, त्यांची भिडस्त मौने आणि त्यांच्या घरांची झालेली वाताहत शास्त्राने काहीही न लपवता लिहून ठेवली, ती आपण वाचावी म्हणूनच.

म्हणून आधी इस्राएलाचा याजक एली याच्याबद्दल लिहितो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय सलग वाचलेस, तर एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल. एली पहिल्यांदा भेटतो तेव्हा मंदिराच्या दाराशी आसनावर बसलेला असतो. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जागी निजलेला आहे आणि त्याची दृष्टी मंदावली आहे. चौथ्या अध्यायात तो पुन्हा वाटेच्या कडेला आसनावर बसून लढाईच्या बातमीची वाट पाहत आहे, आणि ती बातमी ऐकताच त्याच आसनावरून मागे कोसळून, मान मोडून, 98 व्या वर्षी तो मरतो. 40 वर्षे त्याने इस्राएलाचा न्याय केला. माणूस दुष्ट नव्हता; शमुवेलाच्या आईला, हन्नेला, त्याने आशीर्वाद दिला आणि लहानग्या शमुवेलाला देवाची वाणी ओळखायला त्यानेच शिकवले. परंतु त्याचे स्वतःचे मुलगे होफनी आणि फिनहास काय करीत होते ते पाहा. यज्ञाचे मांस शिजत असताना याजकाचा चाकर तीन काट्यांचा आकडा घेऊन येई आणि भांड्यात खुपसून जे वर येईल ते घेऊन जाई. पुढे तर चरबीचे होमार्पण होण्याआधीच कच्चे मांस मागितले जाई आणि दिले नाही तर दांडगाई होई. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी ते कसे वागत, हेही तिथे लिहिले आहे. एलीने त्यांना काहीच म्हटले नाही असे नाही. तो बोलला, पण फार म्हातारा झाल्यावर, लोकांच्या तोंडून कानावर आल्यावर, आणि तेही आसनावरूनच. ज्या माणसाच्या हातात याजकपद काढून घेण्याचा अधिकार होता, त्याने केवळ “हे बरे नव्हे” एवढेच म्हणावे, यालाच देवाने न आवरणे म्हटले आहे. देवाच्या माणसाने त्याला जो जाब विचारला तो आणखी बोचरा आहे : त्या उत्तम भागांवर तुम्ही सगळेच पोसलात आणि तू आपल्या मुलांचा मान माझ्याहून अधिक ठेवलास. मुलाच्या चुकीच्या कमाईतला वाटा ज्या बापाच्या ताटात पडतो, त्याच्या रागावण्याला धार राहत नाही. आपल्या भागातल्या वाळूच्या आणि जमिनींच्या व्यवहारांकडे पाहिलेस तर याहून अधिक काही सांगावे लागणार नाही.

विशेष म्हणजे एलीच्या ज्या घरात शमुवेल लहानाचा मोठा झाला, त्या घराची शोकांतिका डोळ्यांनी पाहूनही त्याचे स्वतःचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेबात न्यायाधीश झाल्यावर लाच घेऊ लागले. बापाचा सात्त्विकपणा रक्तातून आपोआप उतरतो, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा आठवा अध्याय जवळ ठेवावा.

तू मुलीचा बाप झाला आहेस, म्हणून दावीद राजाच्या घराबद्दल जरा सविस्तर लिहितो. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन याने आजारपणाचे सोंग घेऊन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. तामारेला अम्नोनाच्या घरी पाठवणारा दावीद स्वतःच होता, कारण आजारी मुलाने तिच्या हातचे जेवण मागितले होते आणि राजाने अधिक चौकशी केली नाही. हे सगळे त्याच्या कानी आले तेव्हा तो फार संतापला, असे शास्त्र सांगते, आणि पुढचे वाक्य येतच नाही. अम्नोनाला त्याने शिक्षा केली नाही आणि तामारेला जवळ घेऊन दोन शब्द बोलल्याची नोंदही नाही. अंगावरचा पायघोळ झगा फाडून, डोक्यात राख घालून रडत निघालेली ती मुलगी शेवटी भावाच्या, अबशालोमाच्या घरी उदास होऊन राहिली. बाप गप्प राहिला म्हणून भावाने न्याय आपल्या हातात घेतला. 2 वर्षे दबा धरून त्याने लोकर कातरण्याच्या जेवणावळीत अम्नोनाला मारवले आणि तो गशूरास आजोळी पळून गेला. तिथे तो 3 वर्षे राहिला. दावीदाचा जीव त्याच्यासाठी तुटत होता, पण माणूस पाठवून बोलावले ते त्याचा सेनापती यवाब याने युक्ती केल्यावर, आणि यरुशलेमेत आणल्यावरही आणखी 2 वर्षे त्याला तोंड दाखवू दिले नाही. एकाच गावात बाप आणि मुलगा, दोघांचा एकमेकांवर जीव, आणि मध्ये बंद दार. अबशालोमाने यवाबाचे सातूचे शेत पेटवले तेव्हा कुठे भेट घडली, आणि ती अवघी एका वाक्याची : राजाने त्याचे चुंबन घेतले. जे बोलायचे होते ते त्या दिवशीही राहिले, आणि पुढे उरले ते अबशालोमाचे बंड आणि त्यात त्याचा मृत्यू. वेशीवरच्या खोलीत “माझ्या पुत्रा अबशालोमा” म्हणत दावीदाने केलेला आक्रोश वाचताना डोळे भरून येतात खरे. परंतु त्याच वेळी मनात येते की, यातले चार शब्द त्या बापाने गशूराला जाऊन बोलून दाखवले असते तर? पुढे दावीदाचा आणखी एक मुलगा अदोनीया याच्याबद्दल शास्त्र सहज म्हणून जाते की, “तू असे का केलेस” असे विचारून त्याच्या बापाने त्याला जन्मात कधी दुखवले नव्हते. दावीदाचे आपल्या मुलांवर प्रेम नव्हते असे कोणीच म्हणणार नाही. ते प्रेम उठून मुलांपर्यंत गेले नाही, एवढेच.

याकोबाची गोष्ट तुला शब्बाथशाळेपासून, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गापासून, पाठ आहे, तेव्हा ती पुन्हा सांगत नाही. बापाचा लाडका एसाव आणि आईचा लाडका आपण, या वाटणीने पोळलेल्या माणसाने तीच वाटणी आपल्या घरात केली आणि आपला लाडका मुलगा योसेफ याच्या अंगात पायघोळ झगा चढवला. मला तिथले दुसरेच वाक्य थांबवते. मिसरात याकोबाचाच मुलगा यहूदा आपल्या बापाचे बोलणे सांगतो : “माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले हे तुम्हांला ठाऊक आहे.” हे बोलणे ज्याच्या तोंडी आहे तो याकोबाच्या कमी लाडक्या बायकोचा, लेआचा मुलगा, म्हणजे ज्या दोघांची मोजदाद बाप करतो आहे, त्यांत तो स्वतः नाही, आणि तरी तो योसेफाचा सख्खा भाऊ बन्यामीन याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा अशी विनवणी करतो. न मोजलेला मुलगा बापाच्या जिवासाठी जामीन राहतो. आणखी मुले झाली तर हे पान उघडून पाहत जा.

आता उठणाऱ्या बापांकडे वळतो. नासरेथचा योसेफ, येशूला वाढवणारा बाप, चारही शुभवर्तमानांत एक शब्दही बोलत नाही. पण मत्तयाचे पहिले दोन अध्याय वाच : झोपेतून उठून त्याने मरियेला घरी आणले, रात्रीच उठून बाळाला आणि आईला घेऊन तो मिसराला निघाला, पुन्हा उठला आणि त्यांना घेऊन इस्राएल देशात परतला. एलीचे सगळे आयुष्य आसनावर आणि या गरीब सुताराचे पायांवर. गरीब म्हणतो, कारण मंदिरात त्यांनी दिलेले अर्पण पारव्यांचे किंवा होल्यांचे होते आणि ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी नियमशास्त्राने ती सवलत ठेवली होती. येशू मोठेपणी सुतार म्हणून ओळखला जातो, तेव्हा तो हे काम कोणाजवळ बसून शिकला असेल ते सांगायला नको. तू इथे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या दुपारी जाऊन बस. तिथे बाप घोडीवर तारा ठेवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढत असतो, हलक्या हाताने कानस फिरवतो, तार छेडून कान देतो, पुन्हा चार वेळा घासतो. शेजारी बसलेला मुलगा भोपळ्याची साल खरवडत ते ऐकत असतो. तासाभरात दोघांमध्ये चार-पाच वाक्ये होत असतील. कुपवाडच्या एमआयडीसीतले तुझे काम मुलीला असे शेजारी बसवून दाखवता येणार नाही आणि तीन पाळ्यांच्या नोकरीत बाप घरी असतो तेव्हा मूल झोपलेले असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी तू जे काही हाताने करतोस, मग ती गाडी पुसणे असो की मिरच्यांच्या रोपांना पाणी घालणे, ते तिच्या सोबतीने करण्याची सवय आतापासून लाव.

लूकाच्या पंधराव्या अध्यायातला बाप हा दृष्टांतातला बाप आहे, आणि देव कसा आहे हे दाखवण्यासाठी प्रभूने तो रंगवला. या गोष्टीला आपण उधळ्या पुत्राची गोष्ट म्हणतो, म्हणून सगळे लक्ष धाकट्याकडे जाते. बापाकडे पाहिले तर तो घराबाहेर दोनदा जातो. पहिल्यांदा धाकटा दूर असतानाच तो धावत जातो. त्या काळच्या जमीनदार म्हाताऱ्याने धोतर सावरत गावादेखत धावावे तसलाच तो प्रकार. मुलाने वाटेत पाठ केलेले भाषण तो पुरे होऊ देत नाही. “मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा” हा शेवटचा तुकडा मुलाच्या तोंडातच राहतो. दुसऱ्यांदा तो थोरल्यासाठी बाहेर येतो, आणि मला हे दुसरे जाणे अधिक कठीण वाटते. घरात पाहुणे, वाजंत्री, जेवण चालू असताना यजमानाने पंगत सोडून अंगणात रुसून उभ्या राहिलेल्या मुलाची समजूत घालायला जावे, आणि मुलाने त्याला “तुमचा हा मुलगा” असे तोडून बोलावे, तरी बापाने “बाळा, तू सदाच माझ्याबरोबर आहेस” असे म्हणावे. थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.

शिस्तीबद्दल तू विचारलेस. नीतिसूत्रांतली छडी आपल्याकडे फार लोकांना तोंडपाठ असते, पण प्रेषित पौलाने इफिसकरांना आणि कलस्सैकरांना पत्रांतून बापांचेच नाव घेऊन दिलेली ताकीद कोणी भिंतीवर लावत नाही : मुलांना चिरडीस आणू नका, आणली तर ती खिन्न होतील. आपल्या सांगली-साताऱ्याकडे बापाचा धाक ही घराची शान समजली जाते. बाप आला की टीव्हीचा आवाज कमी होतो, मुले पुस्तके उघडतात आणि जे विचारायचे ते आईमार्फत विचारले जाते. अशा घरात बापाला अबशालोमाची बातमी शेवटी कळते. साताऱ्यात 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू करणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणत. वारीच्या वाटेवरच्या या मुलखात ते कोणाला खटकले नाही, आणि थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलही स्वतःला एका दमात दाईसारखा आणि बापासारखा म्हणवतो. तेव्हा बाळाचे लंगोट बदलताना कोणी हसले तर हसू दे.

आणखी एक गोष्ट, जी बाळ पाळण्यात असतानाच ठरवावी लागते. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी, आधीची मुले गमावल्यावर झालेल्या त्याच्या नव्या सात मुलग्यांपैकी एकाचेही नाव नाही. मुलींची मात्र यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक अशी तिन्ही नावे आहेत, आणि त्यांच्या बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिले असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असणारा 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणींमध्ये आपल्या मंडळीतल्या बहिणीही असतात, आणि बऱ्याचदा त्यांचे वडील त्या कागदाला मूक संमती देऊनच वारलेले असतात. वडिलोपार्जित घराबद्दल तुझ्या मनात जे असेल ते भावांसमोर आताच बोलून टाक, म्हणजे पुढे तिला मागावे लागणार नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळक तुम्हा दोघांना प्रश्न विचारतील आणि सगळी मंडळी ऐकत असताना तुम्हांला उत्तरे द्यायची आहेत. ते प्रश्न आधी मागून घे आणि दोघांनी बसून वाचा. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप प्रभूला म्हणाला की, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. उत्तर देताना मनात धाकधूक झाली तर त्या बापाचे बोलणे तुझ्या कामी येईल. तारीख ठरली की कळव, मी सकाळच्या उपासनेला येईन. दुपारच्या जेवणाचा घाट घालू नका. सूनबाईला सध्या विश्रांतीची गरज आहे, आणि स्वयंपाकाचे बघायला तू आहेसच.

तुझा,
शब्बाथशाळेतला गुरुजी