डार्लिंग म्हणजे ‘छोटं डिअर’ नव्हे

डिअर, डार्लिंग आणि स्वीटहार्ट यांत फरक काय आणि कोणता शब्द कोणाला वापरावा, असं एका वाचकाने विचारलं आहे. बायकोला कोणता, मुलीला कोणता, ऑफिसातल्या सहकारिणीला कोणता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : एकही नाही. पत्राच्या मायन्यातलं ‘डिअर’ चालेल, ते आपल्या स.न.वि.वि.इतकंच निर्जीव असतं. पण हल्ली ते तोंडी सुटलंय. परवा दुकानातल्या विशीतल्या पोराने मला, नातवंडं असलेल्या बाईला, ‘डिअर, पिशवी आणलीय का?’ असं विचारलं. पिशवी होती, पण काढावीशी वाटेना.

‘डिअर’ म्हणजे प्रिय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचा तितकाच जुना अर्थ महाग. आमचे आजोबा हापूसचा भाव ऐकून ‘टू डिअर!’ म्हणत पाठ फिरवायचे, तेव्हा ते आंब्याशी लाडात येत नव्हते. ‘डर्थ’ म्हणजे टंचाई, हाही ‘डिअर’च्याच घरातला शब्द. धान्य महागलं की दुष्काळ आलाच. फ्रेंच ‘शेर’ आणि जर्मन ‘टॉयर’ यांनाही हे दोन्ही अर्थ आहेत. जे सहज मिळत नाही त्याचं अप्रूप, एवढंच.

आता ‘डार्लिंग’. यात ‘डिअर’ला ‘लिंग’ प्रत्यय लागलाय. डकलिंग म्हणजे बदकाचं पिल्लू, म्हणून डार्लिंग म्हणजे ‘छोटं डिअर’, असं सांगणारे गुरुजी जागोजागी भेटतात. साफ चूक! जुन्या इंग्रजीत या प्रत्ययाचा लहानपणाशी संबंध नव्हता. ‘अशा प्रकारचा माणूस’ इतकंच तो सांगायचा. मजुरीवर ठेवलेला तो हायरलिंग, तसा जिवाजवळचा तो डिअरलिंग. पिल्लाचा अर्थ नंतर, उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेच्या संगतीने जोर धरू लागला. 9व्या शतकात इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या भाषांतरात हा शब्द राजाच्या मर्जीतल्या माणसांना लावलाय. मला विचाराल तर ‘डार्लिंग’ला मराठीत ‘मर्जीतला’ यापेक्षा नेमका शब्द नाही. ‘मीडिया डार्लिंग’ म्हणतात तेव्हा तोच दरबारी वास येतो. आणि मर्जी म्हटली की ती खप्पा होण्याची भीतीही आलीच.

मग ‘डिअर’चं ‘डार’ कसं झालं? मधे ‘डरलिंग’ होतं, आणि इंग्रजीत अशा कित्येक ‘अर’चा ‘आर’ झाला. आपण क्लार्क म्हणतो, स्पेलिंगमध्ये ‘क्लर्क’ असूनही. सार्जंटचं तेच. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची डर्बी ही घोड्यांची शर्यत इंग्रजाच्या तोंडी डार्बी असते. म्हणजे आपल्या ऑफिसातला क्लार्क आणि डार्लिंग एकाच वळणावरून आलेत! ‘क्लार्क’ला गावंढळ म्हणून हसणाऱ्यांनी आधी ‘डरलिंग’ म्हणून दाखवावं.

स्वीटहार्ट राहिलंच. गोड अधिक हृदय, इतकं सरळ. ड्रंकार्ड (दारुडा) या शब्दातला ‘आर्ड’ प्रत्यय लावून मूळ शब्द ‘स्वीटार्ड’ होता असं काही जुन्या व्याकरणकारांनी म्हटलंय, पण इंग्रज कवी चॉसरने 14व्या शतकात ‘स्वीट’ आणि ‘हार्ट’ हे दोन सुटे शब्द शेजारीशेजारी लिहून ठेवलेत, ते यांना दिसले नसावेत. हा शब्द मुळात प्रियकर-प्रेयसीचा; मुलीलाही म्हणतात, चालतं.

बायकोला काय म्हणायचं ते बायकोला विचारा.