शेठला यूएक्स कसं पटवायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका लहान कंपनीत तू डिझायनर म्हणून लागलीस. कंपनी दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅबसाठी नोंदणीचं आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर करते. शेठ म्हणतात, "काम होतंय ना? मग चालशे. तू फक्त रंग जरा बरे कर." यूएक्सचा, म्हणजे यूजर एक्सपीरियन्सचा (वस्तू वापरताना माणसाला येणाऱ्या अनुभवाचा) खरा उपयोग काय, तो त्यांना कसा सांगायचा आणि त्यासाठी महागडा कोर्स करावा का, असं तू विचारलंयस. वर उत्तरं देणाऱ्या दोघातिघांनी "डिझाइन चांगलं तर विक्री जास्त" असं लिहिलंय. ते खोटं नाही. पण तसं सांगायला गेलीस तर शेठ पहिल्याच मिनिटाला "किती टक्के?" विचारतील आणि तुझ्याजवळ उत्तर नसेल.

रंगाचा विषय आधी संपवू. "यूजर एक्सपीरियन्स" हे नाव ज्यांच्यामुळे रुळलं ते डॉन नॉर्मन मानसशास्त्राचे प्राध्यापक. 1993 मध्ये ते ॲपलमध्ये गेले आणि हे शब्द त्यांनी आपल्या हुद्द्यातच घातले. खोकं उघडण्यापासून मदतीसाठी फोन लावण्यापर्यंत सगळं त्यांना त्यात धरायचं होतं. रंग त्यात कुठेतरी कोपऱ्यात येतो.

माझ्या मते या सगळ्या विद्येचं काम एकच आहे: माणसाकडून चूक होणारच हे धरून चालायचं, आणि ती टाळण्याचा भार वस्तूने उचलायचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. उतरल्यावर वैमानिकाला पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) आत घ्यायचे असत, तो चुकून चाकं आत घेई. अहवालात शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हे प्रकरण आलं. त्याने कॉकपिट नीट पाहिलं, तर फ्लॅपचा आणि चाकांचा खटका अगदी सारखे आणि शेजारीशेजारी. सी-47 विमानात तशी मांडणी नव्हती, आणि तिथले वैमानिक ही चूक करत नव्हते. उपाय फार साधा निघाला. चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता अंधारात, थकलेल्या हातालाही आपण काय धरलंय ते कळू लागलं. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

शेठला ही गोष्ट सांग, आणि लगेच विचार: आपल्याकडे फोन येतो तेव्हा आपण काय म्हणतो? "रिसेप्शनवरची मुलगी नवीन आहे, तिला ट्रेनिंग द्या." तो शेरा आणि त्या अहवालातला शेरा एकच आहे.

लॅबच्या कामात हे कुठे चावतं ते बघ. बडोद्यात "पटेल" शोधलं की पानभर यादी येते. काउंटरवर रांग लागलेली, सकाळची उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं वैतागलेली, आणि त्या मुलीला पाच सारख्या नावांतून एक निवडायचंय. ती वरचं नाव दाबणार. नावाशेजारी वय, मागच्या भेटीची तारीख आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे दाखवले तर ती चुकीचा पेशंट उघडायची शक्यता खूप कमी होते. याला रंग लागत नाही. जन्मतारखेचंही तसंच. 1948 साली जन्मलेल्या आजोबांसाठी ती मुलगी चालू वर्षापासून मागेमागे सरकवत बसते, आणि आजोबांना तरी तारीख नक्की कुठे ठाऊक असते! सरळ वय विचारा. मोबाइल नंबरमध्ये मधे एक मोकळी जागा सुटली म्हणून लाल अक्षरांत "अवैध माहिती" दाखवणारा फॉर्म तर मला उद्धटच वाटतो. ती जागा संगणकाला काढता येते की.

दुसरी गोष्ट, स्क्रीनने खरं बोलणं. 28 मार्च 1979 ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला, म्हणून लोकांनी ती बंद झाली असं धरलं. प्रत्यक्षात दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता, बंद होण्याचा हुकूम सुटला एवढंच सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ थंड ठेवणारं पाणी बाहेर जात राहिलं आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. कारणं आणखीही होती, पण हा दिवा त्यातलं मोठं कारण. आता तुमच्या सॉफ्टवेअरमधला "रिपोर्ट पाठवला" हा संदेश तपास. तो पेशंटच्या फोनवर पोचला तेव्हा दिसतो, की बटण दाबल्याबरोबर? बटण दाबल्याबरोबर दिसत असेल तर रिसेप्शन म्हणणार "पाठवलाय", पेशंट म्हणणार "आला नाही", आणि दोघंही खरं बोलत असणार.

याची उलट बाजू, म्हणजे खरं बोलणारी वस्तू, बघायची तर शेवउसळीच्या कोणत्याही गाडीवर जा. मालकाचे हात तर्रीने माखलेले, समोर चार गिऱ्हाइकं फोन नाचवत "पैसे गेले" म्हणतायत. बाजूचा स्पीकर रक्कम मोठ्याने बोलतो आणि प्रश्न मिटतो. फोन उचलायला नको, हात पुसायला नकोत, कुणावर अविश्वास दाखवायला नको. ज्याने कुणी हे योजलं त्याने दुकानदाराचे हात पाहिले असणार.

आणि बडोदेकरांना तर हे नवं वाटायला नकोच. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. वाचकाने चिठ्ठी देऊन खिडकीपाशी ताटकळायचं नाही, स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळायचं, अशी सोय मध्यवर्ती ग्रंथालयात झाली. या ग्रंथालयाच्या मांडवीतल्या इमारतीत तर पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. खेड्यातला माणूस शहरात येणार नाही हे ओळखून पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव पाठवली. शेठ जुन्या बडोद्यातले असतील तर हे उदाहरण विमानापेक्षा जास्त चालेल, बघ.

आता पटवायचं कसं. भाषण देऊ नकोस. सपोर्टचे फोन घेणाऱ्या मुलाला सांग, पंधरा दिवस प्रत्येक फोनचं कारण वहीत एका ओळीत लिही. तीच तीच कारणं वर येतील. वरची दोन घे आणि त्यात त्याचा किती वेळ गेला ते पगाराच्या हिशोबात मांड. शेठ टक्के विचारतात खरे, पण त्यांना कळतात रुपये. मग एखाद्या गिऱ्हाइकाच्या काउंटरमागे सकाळी सात ते दहा उभी राहा आणि फक्त बघ. मधे बोलू नकोस, "अहो, ते बटण तिकडे आहे" तर मुळीच नको. पाच माणसांना काम करताना पाहिलं की बहुतेक ठळक अडचणी दिसतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी मांडलंय. पाचाच्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण तुमच्या आकाराच्या कंपनीला तेवढं पुरे. शक्य असेल तर शेठनाच सोबत ने. आपलं सॉफ्टवेअर वापरताना कुणीतरी कपाळावर हात मारलेला प्रत्यक्ष पाहिला की मालक बदलतो.

एक सावधगिरी. पटल्यावर काही मालक उलटीच मागणी करतात: "ते वार्षिक पॅकेज आधीच टिक करून ठेव ना, कोण बघतंय." वापरणाऱ्याचं मन ओळखण्याची हीच कला त्याला फसवायलाही लागते. नकळत बिलात वस्तू घालणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं अशा 13 प्रकारांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये काढली आहेत. ती छापून टेबलावर ठेव. "मला नाही जमणार" म्हणण्यापेक्षा "नियमात बसत नाही" म्हणणं नव्या नोकरीत सोपं जातं.

आणि हेही कबूल कर की सगळं यूएक्सने सुटत नाही. सर्व्हर रडत असेल आणि पान उघडायला दहा सेकंद लागत असतील तर आधी डेव्हलपरपाशी जाऊन बस. तेवढ्या वेळात माणसाचं लक्ष उडतं, मग बटण कुठेही ठेव.

कोर्सचे पैसे सध्या ठेव. वहीचे पंधरा दिवस आणि काउंटरची ती सकाळ झाल्यावर आपल्याला काय येत नाही हे तुला नेमकं कळेल, तेव्हा तेवढंच शिक. तोवर नोंदणीचा फॉर्म आणि पेशंट शोधायची स्क्रीन, दोन्हींचे फोटो इथे टाक, पेशंटची नावं-नंबर झाकून. रविवारी निवांत बघतो.