उशीखालचे बिस्किटांचे कागद

"मुलीच्या उशीखाली बिस्किटांचे रिकामे कागद सापडले. सात वर्षांची आहे हो. आत्तापासूनच चोरून खायला लागली तर पुढं काय होणार?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईनं हे सांगून टाकलं. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून विचारलं, "माझंच तिच्यात उतरतंय का?"

पहिला प्रश्न घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला खूप पालक येतात. मूल भाजीला तोंड लावत नाही, गोडासाठी हटून बसतं, लपवून खातं. दुसरा प्रश्न फार थोडे जण मोठ्यानं विचारतात. या आईनं तो विचारला, म्हणून पुढचं काम बरंच सोपं झालं. (ओळख पटू नये म्हणून घरातले तपशील बदलले आहेत.)

सुरुवात नेहमीप्रमाणे डॉक्टरांकडच्या वाढीच्या तक्त्यापासून केली. मुलगी २ वर्षांची असल्यापासून तिचं वजन आणि उंची आपापल्या रेषेला धरून वाढत होती. आईला मात्र गेल्या वर्षापासून मुलीचं पोट गोल दिसू लागलं होतं आणि तेव्हापासून घरात बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला होता. मुलं साधारण ५-६ वर्षांची असताना सगळ्यात सडसडीत दिसतात, त्यानंतर अंग भरू लागतं. पुढं वयात येताना शरीराला ही शिदोरी लागते. या वयात वर्षाला २ ते ३ किलो वजन आणि ५-६ सेंटिमीटर उंची वाढणं ठीकच. म्हणजे वजनाच्या बाबतीत काही दुरुस्त करायचं नव्हतंच. डबा वर गेला आणि चोरून खाणं सुरू झालं, हा क्रम आईच्या लक्षात आला नव्हता. तिला वाटत होतं, मुलगी चोरून खाते म्हणून डबा वर ठेवावा लागतो.

घरी करायला एकच गोष्ट दिली: एका रात्रीच्या जेवणाचं फोनवर फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग करा, आणि मग स्वतःच ऐकून खाण्याबद्दलची वाक्यं मोजा. २५ मिनिटांच्या जेवणात ३१ वाक्यं निघाली. "अजून दोन घास." "भाजी संपव, मग चॉकलेट." "एवढंच?" "बास आता, पोट सुटेल." शेवटची दोन वाक्यं एकाच मिनिटात, एक बाबांचं आणि एक आईचं. आणखी खावं की थांबावं, हे त्या मुलीनं कुठून ओळखायचं?

पण त्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात महत्त्वाची जागा वेगळीच होती. अगदी सुरुवातीला चमचा ताटावर खरडल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ पातेल्याचं झाकण वाजतं. "हे काय?" विचारल्यावर आई म्हणाली, "मी माझ्या ताटातला भात परत टाकत होते. थोडा जास्त वाढला गेला होता." त्यानंतर सगळं जेवण होईपर्यंत ती ओट्याशी उभीच होती. रोज असंच होतं, असंही तिनं सांगितलं.

पुढच्या भेटीत मुलगी आली. तिनं खेळण्यातली भांडी मांडली, बाहुलीला वाढलं, बाबा-बाहुल्याला वाढलं. आई-बाहुलीचं ताट रिकामंच. "आईला नाही वाढलंस?" "आई नंतर खाते. तिला भूक लागते, पण ती ऐकत नाही भुकेचं." आईला हे मुलीच्या परवानगीनंच सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी तिच्या ताटावर घरातल्यांची नजर असायची आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून ती कुठलं ना कुठलं डाएट करत आली होती. चार दिवस कडक पाळायचं, पाचव्या दिवशी रात्री फ्रिजसमोर उभं राहून खायचं, मग पुन्हा शिक्षा म्हणून उपाशी राहायचं.

हे इच्छाशक्ती कमी पडल्यामुळं होतं, असं तिला वाटत होतं. म्हणून तिला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेनं २४ आठवडे अर्धपोटी राहून दाखवलं. वजन तर घटलंच, पण मनात दिवसरात्र अन्नाचेच विचार सुरू झाले. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, काहींनी ताटं चाटली. आधी धडधाकट असलेल्या माणसांची ही गत झाली. उपाशी ठेवलेलं शरीर अन्नाच्या मागे लागणारच, त्यात चारित्र्याचा दोष नाही.

मुलांच्या बाबतीत नुसतं अडवणंही पुरतं. जेनिफर फिशर आणि लिॲन बर्च यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक खाऊ पारदर्शक बरणीत मुलांच्या समोर ठेवला, पण बराच वेळ घेऊ दिला नाही. मुलं त्याच बरणीबद्दल बोलायला, मागायला लागली. घरातली वरची फळी म्हणजे तीच बरणी. उलट बाजूनं, २००६ च्या एका अभ्यासात "सूप संपव" असं वारंवार म्हटल्यावर लहान मुलांनी ते सूप कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. अडवलं की ओढ वाढते, लादलं की नावड. या घरात दोन्ही एकाच ताटावर चाललं होतं.

आता करायचं काय? आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदाऱ्यांची वाटणी आम्ही वापरतो. काय खायचं, कधी आणि कुठं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. ऐकायला सोपं आहे, पाळायला अवघड, कारण दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या वाट्यात हात जातो.

या घरासाठी वेळापत्रक असं ठरलं: तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दोन खाण्यांत अडीच ते तीन तासांचं अंतर, मधल्या वेळेत फक्त पाणी. ही मुलगी दिवसाला जवळपास पाऊण लिटर दूध पीत होती, आणि तेही जेवणाच्या तासभर आधी. पोट दुधानं भरलेलं असताना भाजी कोण खाणार? दूध अर्ध्या लिटरवर आणलं आणि खाण्याच्या वेळेतच दिलं. जेवायला २० ते ३० मिनिटं, मग ताटं उचलायची. "मला नको" म्हणाली तर ठीक, पण पुढचं खाणं ठरल्या वेळीच. यात कठोरपणा नाही. पुढचं खाणं नक्की येणार आहे, याची खात्री असली की मूल न घाबरता "नको" म्हणू शकतं.

प्रत्येक जेवणात तिला नक्की आवडणारा एक तरी पदार्थ टेबलावर हवा. नवीन किंवा नावडती भाजी वाटाण्याएवढी, ओळखीच्या पदार्थाच्या शेजारी. चाखायलाच हवी असं नाही. नुसती बघणं, वास घेणं, बोटानं दाबणं, हीसुद्धा पायरीच. शेजारी कागदी रुमाल ठेवायचा, घास आवडला नाही तर त्यात टाकायला. बाहेर काढता येतो हे कळल्यावर मुलं तोंडात घालायला धजावतात. एखादी चव रुळायला १०-१५ वेळा समोर यावी लागते, कधी त्याहून जास्त. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळीच "हिला हे आवडत नाही" असा निकाल लागतो आणि पदार्थ कायमचा हद्दपार होतो.

गोडाबद्दल आईला सगळ्यात जास्त भीती होती. डबा खाली आणायचा, पण उघडा सोडायचा नाही. दोन गोष्टी केल्या. रोज एका जेवणात गोडाचा एक छोटा भाग, म्हणजे दोन बिस्किटं किंवा चॉकलेटचा तुकडा, ताटातच आणि जेवणासोबतच वाढायचा. मुलीनं आधी तेच खाल्लं तरी चालेल. दुसऱ्यांदा मिळणार नाही. "भाजी संपव, मग" ही अट काढल्यावर गोडाचं बक्षीसपण जातं. शिवाय आठवड्यातून एकदा, मधल्या खाण्याच्या वेळी, टेबलाशी बसून बिस्किटं हवी तेवढी, सोबत दूध. कुणी मोजायचं नाही.

तिसऱ्याच दिवशी आईचा फोन आला. आदल्या दिवशी पहिलं 'हवी तेवढी' झालं होतं आणि मुलीनं नऊ बिस्किटं खाल्ली होती. इथंच बहुतेक घरं माघार घेतात आणि डबा पुन्हा वर जातो. मग मूल शिकतं ते एवढंच, की संधी मिळेल तेव्हा भरून घ्यावं. वर्षभर अडवलेली गोष्ट समोर आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मूल जास्त खातंच. डबा परत नाहीसा होणार नाही ना, हे ते तपासत असतं. आईला विचारलं, "तुमचा चेहरा तेव्हा कसा होता?" ती हसली. "सहाव्या बिस्किटानंतर मी खिडकीकडे बघत बसले." ते उत्तम केलं, असं तिला सांगितलं. पाचव्या आठवड्यात मुलगी तिसरं बिस्किट अर्धं टाकून खेळायला पळाली.

बाबांकडून एक गोष्ट राहून गेली होती, ती पुष्कळ घरांत राहते. दटावणं थांबलं, पण "शाब्बास, सगळं संपवलंस!" सुरूच होतं. कौतुकसुद्धा दाबच. आज संपवल्याची शाबासकी मिळाली, तर उद्या भूक नसताना उरवल्यावर काय? "पोट भरलं का?" हा प्रश्नही दर पाच मिनिटांनी विचारला की तपासणीच होते. त्याऐवजी एकदाच सांगून ठेवायचं: "अजून हवं असेल तर आहे. पुरे झालं तर उठ." आणि चांगलं-वाईट, पौष्टिक-जंक या पाट्या काढून पदार्थांना त्यांच्या नावानं हाक मारायची. गाजर कुरकुरीत, केळं मऊ, चॉकलेट गोड. बस.

आईचं काम वेगळं आणि कठीण होतं. दिवसातलं एक जेवण मुलीबरोबर, खाली बसून, तिच्याच पदार्थांचं. वाढून घेतलेलं परत टाकायचं नाही. उरलं तर ताटात उरू द्यायचं, मुलीच्या ताटात उरतं तसंच. आरशासमोर स्वतःच्या पोटाबद्दल एक शब्द नाही, फोनवर मैत्रिणीशी बोलतानाही नाही, कारण पलीकडच्या खोलीतले कान उघडे असतात. वजनकाटा बाथरूममधून हलवायचा. पहिल्या आठवड्यात तिला बसणं जमलं, खाणं जमलं नाही. घास हातात तसाच राहायचा. तिच्यासाठी स्वतंत्र भेटी आणि एक आहारतज्ज्ञ, अशी सोय केली. मुलीला सुधारायला आलेली आई स्वतःसाठी मदत घेते, तेव्हा मुलीचं निम्मं काम झालेलं असतं.

ही वाटणी सगळीकडे अशीच लागू पडत नाही. मधुमेह किंवा अन्नाची ॲलर्जी असेल तर काय आणि कधी हे डॉक्टरांबरोबर ठरवावं लागतं. मुलाचं वजन स्वतःच्या रेषेवरून घसरत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा वारंवार ठसका लागत असेल, खाण्यातले पदार्थ जेमतेम २० वर आले असतील आणि तेही गळत चालले असतील, तर हा नुसता हट्ट नसतो, आधी तपासणी हवी. अन्न टाळण्याच्या अशा विकाराला २०१३ पासून मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत वेगळं स्थान आहे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं दिसलं, मग ते मुलात असो वा मोठ्यात, तर वाट न बघता मदत घ्यावी.

दहाव्या आठवड्यात आईनं आपण होऊन दुसरं रेकॉर्डिंग आणलं. खाण्याबद्दलची वाक्यं सहा. शिजवलेली भाजी मुलीनं अजूनही खाल्ली नव्हती. कच्चं गाजर मात्र कचाकचा चावल्याचा आवाज येत होता. मध्येच एकदा तोच चमचा खरडल्याचा आवाज आला आणि थांबला. "ऐकलं मी," आई म्हणाली, "अर्धा चमचा परत टाकला आणि मग बाकीचा राहू दिला." त्यानंतर चार मिनिटं मुलगी आपल्या हलणाऱ्या दाताची गोष्ट सांगत होती, आणि तिला कुणीही मध्ये तोडलं नव्हतं.