आधी माळ्यावरचा डबा खाली काढा

इंदूरहून, रामबागेतून एका वडिलांनी लिहिलं आहे:

"मुलगी बारावी झाली. बोर्डात ८४ टक्के, जेईई मेनला ९१ पर्सेंटाइल. आयआयटीसाठीची ॲडव्हान्स थोडक्यात हुकली. आम्ही घरात ठरवलं आहे की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं. दोन रस्ते दिसतात. एक वर्ष राजस्थानातल्या कोट्याला ड्रॉप घेऊन आयआयटी इंदूरचं कॉम्प्युटर मिळवायचं, नाहीतर डोनेशन भरून खासगी कॉलेजात एआय-एमएलची सीट घ्यायची. ती मात्र इलेक्ट्रॉनिक्सचं खूळ घेऊन बसली आहे. सोल्डरिंग, पाण्याच्या टाकीचं काहीतरी सर्किट, मोटर सारखी चालू-बंद व्हायला लागली की पुन्हा जेल रोडवरून सामान आणणं. जानेवारीत परीक्षेच्या तोंडावर मी ते सगळं डब्यात भरून माळ्यावर टाकलं. मुलीच्या जातीला असल्या हातकामात कोण नोकरी देणार? कॉम्प्युटरला कसं, लॅपटॉप पुरतो, सावलीत बसून काम. डबा वर टाकल्यापासून ती फारशी बोलत नाही, जेवणाचं ताट खोलीत नेते, रात्री दोन-दोनपर्यंत दिवा चालू असतो, म्हणजे अभ्यासाला लागली आहे. तिचा आतेभाऊ बेंगळुरूला चांगल्या पॅकेजवर आहे. ड्रॉप की डोनेशन, एवढंच सांगा."

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे देते. पण पत्रातल्या ज्या ओळीने मला अस्वस्थ केलं ती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. बोर्डाचे पेपर कधीच संपले. जेईई एप्रिलमध्ये झाली, निकालही लागले. मग तुमची मुलगी आता रात्री दोनपर्यंत जागून कशाचा अभ्यास करते आहे?

बोलणं कमी झालं, ताट खोलीत गेलं, झोप उडाली, आणि हे काही एक-दोन दिवसांचं नाही, जानेवारीपासूनचं आहे. पत्रावरून कोणी निदान करू नये आणि मीही करत नाही. पण अठराच्या आसपासच्या मुलीत ही तीन लक्षणं इतके महिने एकत्र दिसत असतील, तर त्याला "अभ्यासाला लागली" म्हणून सोडून देता येणार नाही. आज संध्याकाळी तिच्या आईने किंवा तुम्ही तिच्या खोलीत जाऊन बसा. परीक्षा, शाखा, आतेभाऊ, यातलं काहीही काढू नका. झोप लागते का, कशाची भीती वाटते का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारा. असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात तसले विचार येतात हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी विचारलं याचाच त्यांना आधार होतो. ती बोलली नाही किंवा जे बोलली त्याने तुम्ही घाबरलात, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं. इंदुरात मानसोपचारतज्ज्ञही आहेत, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. आणि अशा अवस्थेत तिला घरापासून लांब, कोट्याच्या हॉस्टेलच्या खोलीत एकटं राहायला पाठवण्याचा विचार आत्ताच्या आत्ता सोडून द्या. माझ्याकडून ड्रॉपचं उत्तर इथेच संपलं, पर्सेंटाइलपर्यंत जायची गरजही नाही.

तरी आकडे तुम्हाला माहीत असावेत. २०२५ साली जेईई मेन चौदा लाखांहून अधिक मुलांनी दिली. त्यात ९१ पर्सेंटाइल म्हणजे साधारण सव्वा लाखाहून जास्त मुलं पुढे. ॲडव्हान्सला बसण्यासाठी सर्वसाधारण वर्गाचा कटऑफ २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ९३ च्या वर होता. तिथवर एका वर्षात पोहोचता येतं. पण तुम्हाला हवं आहे आयआयटी इंदूरचं कॉम्प्युटर, आणि मुलींच्या वेगळ्या जागा सोडल्या तर सर्वसाधारण वर्गातून तिथे ॲडव्हान्सची रँक साधारण दीड हजाराच्या आत लागते. हे अंतर पार करणारी मुलं असतात. ती स्वतः ठरवून बसलेली असतात. तुमच्या पत्रात "आम्ही घरात ठरवलं आहे" असं आहे आणि मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही. त्या "आम्ही"त ती आहे का, हे मला अख्ख्या पत्रात कुठे सापडलं नाही.

आता त्या लॅपटॉपबद्दल. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे लॅपटॉपवर बसून कोडिंग, आणि एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) म्हणजे त्याचीच नवी, जास्त पगाराची आवृत्ती, हा समज मी पालकांच्या तोंडून सतत ऐकते आणि त्याच्यापायी लाखो रुपये जातात. कोडिंग हे या शाखेचं हत्यार आहे, शाखा त्याच्या मागे आहे. एक साधं उदाहरण घ्या. दहा लाख वीजग्राहकांचे नंबर चढत्या क्रमाने लावलेले आहेत आणि त्यातून एक शोधायचा आहे. वरून खाली एकेक बघत गेलात तर दहा लाख वेळा बघावं लागू शकतं. मधला नंबर बघितला, आपला त्याच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवलं, नको तो अर्धा भाग सोडून दिला आणि उरलेल्यात पुन्हा तेच केलं, तर फार तर वीस वेळा बघून काम होतं. दोन्ही प्रोग्रॅम उत्तर बरोबरच देतात. पण पहिला दहा नावांवर छान चालतो आणि यादी फुगली की दम टाकतो. हे आधीच कागदावर कसं ओळखायचं, हे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम या विषयांत शिकवतात, आणि त्यासाठी डिस्क्रीट मॅथ्स लागतं. त्यापुढे ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर. आणि या सगळ्यांच्या आधी, बहुतेक कॉलेजांत दुसऱ्याच वर्षी, डिजिटल लॉजिक आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन येतं, म्हणजे लॉजिक गेट, फ्लिप-फ्लॉप, मेमरी, प्रोसेसर आतून कसा चालतो ते. मशीन आता कोड लिहून देतं हे खरं आहे. ते लिहिलेलं बरोबर आहे का, कुठे अडकेल, हे ज्याला कळतं त्याची किंमत राहते, आणि ते कळणं या पायाभूत विषयांतूनच येतं. एआय-एमएलच्या पदवीतही हाच पाया लागतो. तो नीट शिकवला जात नसेल तर शाखेचं नाव काहीही असो, फरक पडत नाही.

मग तुमच्या मुलीने काय केलं होतं ते बघू. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी आणि मोटर हा घरोघरचा विषय. तुमची मोटर सारखी चालू-बंद का होत होती? टाकीत पाणी पडताना पृष्ठभाग हेलकावत असतो. नेमक्या एकाच पातळीला मोटर चालू आणि त्याच पातळीला बंद असं सांगितलं, तर पाणी त्या रेषेच्या वर-खाली होत राहतं आणि मोटर चालू-बंद करणारा रिले टक-टक करत राहतो. त्यावर उपाय असा की खाली एका पातळीला चालू करायची, बरंच वर दुसऱ्या पातळीला बंद करायची, आणि सेन्सरवर लगेच विश्वास न ठेवता दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा विचारायचं. यातल्या दोन वेगळ्या पातळ्यांच्या युक्तीला हिस्टेरेसिस म्हणतात. फ्रीज आणि गिझरचा थर्मोस्टॅटही याच तत्त्वावर चालतो. तिने यातलं नेमकं काय केलं ते मला ठाऊक नाही, पण त्या सर्किटमध्ये आर्डुइनोसारखा एखादा छोटा बोर्ड असेल तर त्यात तिने लिहिलेला प्रोग्रॅमही असणार. म्हणजे तुमच्या घरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग चालूच होतं. बिघाड होतो, कारण शोधायचं, सामान आणायचं, पुन्हा करून बघायचं: माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांच्या अंगात हे स्वतःहून असतं. तुम्ही ते परीक्षेपुरतं बाजूला ठेवायला सांगितलं असतं तर एकवेळ समजलं असतं. तुम्ही ते उचलून माळ्यावर टाकलं, आणि परीक्षा संपल्यावरही खाली काढलं नाही. तो डबा आज खाली काढा आणि तिच्या हातात द्या. चूक झाली म्हणा. वडिलांच्या तोंडून हे ऐकायला मुलं फार आसुसलेली असतात.

"मुलीच्या जातीला" हे वाक्य तर पुन्हा तिच्यासमोर उच्चारू नका. चिप डिझाइन, यंत्रांच्या आत चालणारं एम्बेडेड सॉफ्टवेअर, टेलिकॉम, या कामांत मुली आहेत आणि चांगल्या पदांवर आहेत. सोल्डरिंग करणारा हात बाईचा की पुरुषाचा, याने जोड पक्का-कच्चा होत नाही.

डोनेशनचं उत्तर: देऊ नका. अशी कॅपिटेशन फी घेणं मुळात बेकायदा आहे. शिवाय तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या कॉलेजांच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवल्यावर कॉम्प्युटरच्या तुकड्या अनेक ठिकाणी वाढल्या आहेत. या शाखेचं नाव मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही, शिकवणारा मिळणं अवघड आहे. कोणत्याही खासगी कॉलेजात गेलात तर त्या शाखेला एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाचं मानांकन आहे का ते बघा, आणि डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकवतं, ते कायम नोकरीत आहेत का, हे नाव घेऊन विचारा.

तुमच्या वेळची पीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आता नाही. मध्य प्रदेशात डीटीईचं (तंत्रशिक्षण संचालनालयाचं) काउन्सेलिंग जेईई मेनच्या रँकवर होतं. इंदुरातली दोन कॉलेजं, १९५२ पासूनचं जीएसआयटीएस आणि विद्यापीठाचं आयईटी, दोन्ही त्यातच येतात. मागच्या वर्षीचे कटऑफ साइटवर आहेत, ते तिच्यासोबत बसून बघा. मूळ निवासी प्रमाणपत्र तयार ठेवा. चांगल्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स मी डोनेशनच्या कॉम्प्युटरच्या वर ठेवते, दहापैकी दहा वेळा. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मोठ्या भरतीत सगळ्या शाखांची मुलं बसतात. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा कॉम्प्युटरचा पेपर कोणत्याही शाखेतून देता येतो. एआयसीटीईच्या आराखड्यात १६० क्रेडिटच्या पदवीवर आणखी १८ ते २० क्रेडिट करून दुसऱ्या विषयाची मायनर घेता येते, तेव्हा कॉलेज ती देतं का हे विचारून ठेवा. जेईई मेन लागोपाठ तीन वर्षं देता येते, त्यामुळे तिला स्वतःला वाटलं तर कॉलेज सांभाळूनही पुन्हा देईल.

आता हा शेवटचा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी म्हणजे चार वर्षं सोल्डरिंग असं समजून जाऊ नकोस. त्यात सिग्नल्स अँड सिस्टिम्स आहे, फूरियर आहे, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आहे, आणि हे सगळं गणित आहे. टाकीच्या सर्किटात रमणाऱ्या कितीतरी मुलांचा उत्साह तिथे मावळतो. जीएसआयटीएसच्या साइटवर दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विषय काढ आणि प्रत्येकाचं एखादं व्याख्यान एनपीटीईएल या आयआयटींच्या व्याख्यानांच्या साइटवर बघ, ती फुकट आहेत. सिग्नल्सचं व्याख्यान तुला ओढून घेत असेल तर पसंतीच्या यादीत इलेक्ट्रॉनिक्स वर टाक. त्यापेक्षा प्रोसेसर आतून कसा चालतो यातच जास्त गोडी वाटली, तर कॉम्प्युटर वर टाक आणि एम्बेडेडचे विषय ऐच्छिक म्हणून घे. त्याने बाबा जिंकले असं होत नाही. चॉइस फिलिंग तू स्वतः कर, कॉलेजांचा क्रम तू लाव, आणि लॉक करण्याआधी एकदा घरी दाखव. काही अडलं तर मला तू लिही.