एनएफएल ड्राफ्टमध्ये चाहत्यांना जीएमपेक्षा जास्त कळतं का?

नवख्यांसाठी आधी थोडक्यात: एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी संघांनी ओळीने, आपापल्या नंबरावर, कॉलेजचे खेळाडू निवडायचे; कुणाला घ्यायचं ते संघाचा जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, ठरवतो. बेअर्स हा आमचा शिकागोचा संघ. ट्रुबिस्की आणि पुढे फार मोठा झालेला माहोम्स, दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "२०१७ ला बेअर्सनी माहोम्सला सोडून ट्रुबिस्की घेतला, तेव्हा चूक झाली हे त्याच रात्री सगळ्यांना कळलं होतं." हे वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. नव्हतं कळलं. निदान आमच्या दिवाणखान्यात तरी कुणाला कळलं नव्हतं, आणि त्याचा लेखी पुरावा माझ्याकडे आहे.

२७ एप्रिल २०१७, गुरुवार. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. सासरे गावाहून आले होते, म्हणून त्यांना भेटायला मिलवॉकीहून साडूभाऊ आणि ताई आल्या होत्या. साडूभाऊ पॅकर्सवाले, म्हणजे शेजारच्या विस्कॉन्सिनच्या, बेअर्सच्या हाडवैरी संघाचे. मिलवॉकीचे म्हटल्यावर वेगळं सांगायला नको. जेवणं झाली, ड्राफ्ट सुरू व्हायला थोडा वेळ होता आणि साडूभाऊंची टोमणेबाजी सुरू झालेली. मी कालनिर्णयचं मार्चचं पान फाडून आणलं. म्हटलं, बोलायचं नाही, लिहायचं. बेअर्सनी तिसऱ्या नंबरला कुणाला घ्यावं?

मी लिहिलं, जमाल अ‍ॅडम्स, हा बचावातला खेळाडू. साडूभाऊंनी लिहिलं, "क्वार्टरबॅक". बस, एवढंच. मी विचारलं, कुठला? तर म्हणाले, "कुठलाही घ्या, तुमच्याकडे येऊन वायाच जायचा आहे."

पहिल्या नंबरला ब्राउन्सनी मायल्स गॅरेटला घेतलं, आणि मग टीव्हीवर आलं की बेअर्स फोर्टीनायनर्सशी सौदा करून तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर गेले. एक घर पुढे. त्यासाठी बेअर्सचा तेव्हाचा जीएम रायन पेसने स्वतःचा तिसरा नंबर तर दिलाच, वर ६७वा, १११वा आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतला पिक, म्हणजे निवडीची पाळी. घेतलं कुणाला, तर कॉलेजात जेमतेम १३ सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेल्या मिच ट्रुबिस्कीला. आणि मार्चमध्येच माइक ग्लेनन ह्या दुसऱ्या क्वार्टरबॅकशी तीन वर्षांचा साडेचार कोटी डॉलरचा करार करून बसलेले! मी ओरडलो ते ह्या किमतीवर. माहोम्सचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. साडूभाऊंच्याही नाही. ते नुसते हसत होते.

सासऱ्यांनी विचारलं, काय झालं? सासरे आटपाडीकडचे, उभी हयात खिलार जनावरांच्या बाजारात गेलेली, रुमालाखाली बोटं धरून सौदे केलेला माणूस. मी समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "फुडच्याला त्योच बैल पायजे हुता का?" म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही. इतक्यात तिसऱ्या नंबरवर फोर्टीनायनर्सनी सॉलोमन थॉमसला घेतलं. डिफेन्सिव्ह लाइनमन. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, टोपी उचलली आणि झोपायला गेले.

नंतरचं सगळ्यांना पाठ आहे. चीफ्सनी दहाव्या नंबरला माहोम्स घेतला, टेक्सन्सनी बाराव्याला वॉटसन, तोही क्वार्टरबॅकच. दुसऱ्या दिवशी शिकागोच्याच बुल्सच्या बास्केटबॉल सामन्याला बिचारा ट्रुबिस्की गेला, तर युनायटेड सेंटरमध्ये लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि तो दिलेला ६७वा पिक फिरत फिरत सेंट्सकडे गेला. त्यावर त्यांनी पुढे गाजलेला अल्विन कमारा घेतला. हे मला आजही माहोम्सपेक्षा जास्त टोचतं.

आता खरं दुखणं. २२ डिसेंबर २०१९, बेअर्सचं मैदान सोल्जर फील्ड, चीफ्स २६, बेअर्स ३. टचडाउन झाल्यावर माहोम्सने बोटांवर दहापर्यंत, म्हणजे स्वतःच्या ड्राफ्ट नंबरपर्यंत, मोजून दाखवलं. सामना संपायच्या आत साडूभाऊंचा फोन, "मी त्या रात्रीच म्हटलं होतं ना, माहोम्सला घ्या!" तेव्हापासून प्रत्येक गणपतीत, प्रत्येक बारशाला हेच. चारचौघांत. माणसं माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच पेसला फोन करून अडवलं होतं. पान काही सापडेना.

सापडलं दोन वर्षांपूर्वी. गणपतीचं सामान काढताना समई त्याच पानात गुंडाळलेली निघाली. तेलाचे डाग पडलेत, पण अक्षर स्वच्छ आहे: "क्वार्टरबॅक". साडूभाऊंना दाखवलं तर म्हणाले, "अहो, क्वार्टरबॅक म्हणजे माहोम्सच अभिप्रेत होता."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चाहत्यांना जास्त कळत नाही, चाहत्यांना नंतर आठवतं. १९९९ ला फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना चेंडू घेऊन पळणारा रिकी विल्यम्स हवा होता. त्यांच्या ईगल्स संघाने दुसऱ्या नंबरला क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब घेतला, तेव्हा ड्राफ्टला गेलेल्या मंडळींनी त्याला भर सभागृहात हुर्यो दिली. त्याच मॅकनॅबने त्यांना पाच वेळा एनएफसीच्या, म्हणजे अर्ध्या लीगच्या, अंतिम सामन्यात नेलं. त्या हुर्यो देणाऱ्यांतला एक तरी आज "मी तिथे होतो" म्हणतो का बघा. साडूभाऊंच्या पॅकर्सनी २०२० ला रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक असताना वर सरकून दुसरा क्वार्टरबॅक, जॉर्डन लव्ह, घेतला, तेव्हा स्वतः साडूभाऊ आठवडाभर जेवले नव्हते. आता विचारा, म्हणतील, मला अंदाज होताच.

माझं मत स्पष्ट आहे. जीएमला शिव्या घालायच्या तर किमतीसाठी घाला, नावासाठी नको. कुठला पोरगा मोठा होईल हे कुणालाच कळत नाही. क्वार्टरबॅकांतला दिग्गज ब्रेडी १९९वा गेला, म्हणजे प्रत्येक संघाने त्याला अनेकदा सोडला. पण एक घर पुढे जायला किती मोजायचं, हे त्या रात्री, त्या क्षणी कळण्यासारखं होतं. आटपाडीच्या माणसाला कळलं.

आता पेसची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. दुसरा कुणी फोर्टीनायनर्सशी सौदा करून मध्ये घुसेल ही भीती खोटी नव्हती. त्याच ड्राफ्टमध्ये पेसने चौथ्या फेरीत ११२व्या नंबरला एडी जॅक्सनसारखा चांगला बचावपटू उचलला. २०१८ चा संघ १२ जिंकून ४ हरलेला होता, आणि ट्रुबिस्कीच क्वार्टरबॅक होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, आमचा किकर पार्कीची किक आधी खांबाला, मग आडव्या दांडीला लागली, त्यात ट्रुबिस्कीचा काय दोष? माहोम्सलासुद्धा पहिलं वर्ष चीफ्सचे कोच अँडी रीड यांच्या हाताखाली, अनुभवी क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला मिळालं. आमच्याकडे आला असता तर साडूभाऊंचं "वायाच जायचा आहे" खरं झालं असतं, असं मला मनातून वाटतं. पण हे त्यांना सांगू नका.

ह्या वर्षी समई दुसऱ्या कशात तरी गुंडाळ, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग ते पान लॅमिनेट करून भिंतीवर लावा. लावलंय.