जुन्या वर्तमानपत्रांत 'पिकाची आणेवारी' म्हणजे नेमकं काय असायचं?

घरातल्या जुन्या कात्रणात 'तालुक्याची आणेवारी सहा आण्यांच्या आत' असं छापलंय, तर हा शेतमालाचा भाव असेल का, असं तुम्ही विचारलंय. भाव नाही. या आण्याचा बाजाराशी संबंधच नाही.

रुपयाचे सोळा आणे, म्हणून चांगलं साधलेलं पीकही सोळा आणे धरायचं. त्याच्या मानाने यंदा किती पिकलं, तो आकडा म्हणजे आणेवारी. सहा आणे म्हणजे साडेसदतीस टक्के. आमच्या यवतमाळकडे आजही कोणी "औंदा कपाशी आठ आनेच हाय" म्हटलं तर त्यातून कापसाचा भाव कोणी काढत नाही.

वर्तमानपत्रांत हा शब्द अनेकदा भांडणासकट यायचा, कारण शेतसारा त्याच्यावर अडकलेला. १९१८ चा खेडा सत्याग्रह (गुजरातेतला) चार आण्यांवरूनच पेटला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं तर त्या वर्षीची वसुली पूर्ण तहकूब, असा नियम होता. शेतकरी म्हणत, चार आणेही नाही. सरकारी अंदाज त्याच्या वर. तेव्हा अशी बातमी वाचताना आकडा कोणी काढलाय ते आधी बघायचं.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले. सरकारी कागदावर 'पैसेवारी' आली, पण बातम्यांतून जुना शब्द काही हटला नाही. 'आणेवारी ५० पैशांच्या आत' असा मथळा अजूनही दिसतो. आणे आणि पैसे एकाच ओळीत, आणि कोणाला खटकतही नाही!

मी तलाठी होतो, त्यामुळे हा आकडा कसा निघतो ते जवळून पाहिलंय. निवडलेल्या शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा प्लॉट खुंट्या ठोकून, दोरी ताणून आखायचा. तेवढ्यातलंच पीक कापून तोलायचं. प्रमाण उत्पन्नानुसार तिथे दहा किलो यायला हवं आणि काट्यावर चार किलो दोनशे ग्रॅम आलं, तर पैसेवारी बेचाळीस. सोयाबीन एका कापणीत उरकतं, कपाशीच्या वेचण्या मात्र चालतच राहतात. माल कमी भरला की शेतकऱ्याला हायसं वाटावं, असा वर्षातला हा एकच दिवस. पन्नासच्या आत आलं की शेतसाऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ.

त्यात सप्टेंबरअखेरची नजरअंदाज (उभं पीक नुसतं बघून काढलेली), मग सुधारित आणि विदर्भात ३१ डिसेंबरची अंतिम, अशा तीन पैसेवाऱ्या. एकाच वर्षाच्या दोन अंकांत एकाच तालुक्याचे वेगळे आकडे दिसले तर लगेच छपाईची चूक समजू नका. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती असे निर्देशांक बघतात. पैसेवारी तरीही निघतेच.

एक घोळ मात्र टाळा. जमिनीच्या जाहीर नोटिशींतही 'आणेवारी' असते, ती सामायिक शेतातल्या हिश्श्याची. ०-४-० म्हणजे रुपये-आणे-पै या हिशेबात चार आणे, म्हणजे चौथाई वाटा. शेजारी सर्व्हे नंबर आणि भाऊबंदांची नावं असली की ती हिश्श्याची समजायची. तुमच्या कात्रणात अख्खा तालुका आहे, त्यामुळे ती पिकाचीच.