मुलगा कॅनडात, भातखाचर मुरबाडला

प्रश्न : यजमानांच्या माघारी मुरबाडजवळची वीस गुंठे भातजमीन माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलगा मागच्या वर्षी कॅनडाचा नागरिक झाला, ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) मिळालं. बांधाला लागून तीस गुंठे विकायला निघालेत, ते तो घ्यायचं म्हणतोय. माझी जमीनही त्याला बक्षीसपत्राने देऊन टाकू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, शेजाऱ्याला अजून इसार दिला नसेल तर देऊ नका. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या 2019 च्या नियमांनुसार ओसीआयधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही. मुलाने भारतीय पासपोर्ट ठेवून तिकडेच मुक्काम केला असता, तरी हेच उत्तर होतं. ठाण्यात फ्लॅट घ्यायचा असेल तर खुशाल घेऊ दे, फक्त पैसे बँकेतूनच यायला हवेत.

'पण दस्त तर होतो!' हे मी नेहमी ऐकते. मागे एक गृहस्थ नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात आले. परदेशातल्या भावासाठी मुखत्यारपत्रावर शेत घेतलेलं, अंगठे उमटलेले, शिक्के बसलेले, सातबाऱ्यावर नावही चढलेलं. प्लास्टिकच्या पिशवीतून सगळं टेबलावर मांडून म्हणाले, "आता काय राहिलं?" राहिला होता फेमा. त्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. पुतण्याच्या नावावर घेऊन ठेवायची युक्तीही कुणी सुचवेल. पैसे मुलाचे, नाव पुतण्याचं, म्हणजे बेनामी. त्या वाटेला जाऊ नका.

वारसा मात्र मोकळा आहे. तुमच्या पश्चात ही जमीन मुलाला मिळू शकते. तेव्हा बक्षीसपत्र सोडा, मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही (मी तरी करून घ्यायला सांगते), दोन साक्षीदार मात्र हवेतच. पुढे त्याला विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागेल, आणि महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सहसा शेतकरीच असावा लागतो. कर भरून उरलेले पैसे तो एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या पैशांसाठीचं बँक खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेऊ शकतो. वीस गुंठ्यांना ती मर्यादा आड येणार नाही!

मृत्युपत्रात गट नंबर ताज्या सातबाऱ्यावरूनच उतरवा. गेल्याच आठवड्यात एक आजी सासऱ्यांच्या वेळचा सर्व्हे नंबर लिहून घेऊन आल्या होत्या.